भोसल्यांची जहागीर ते वालचंदनगरचे मळे : इंदापूर-सुप्याची जमीन नेमकी कुणाची?

‘गेम ऑफ थ्रोन्स’ पाहिलेल्या माणसाला झोपेतून उठवून विचारा, विंटरफेल कुणाचं? तो डोळे न उघडता सांगेल, स्टार्कांचं. हजारो वर्षं एकच घराणं, एकच गड आणि भोवतीचा सगळा मुलूख त्यांचा. मध्येच कुणी बळकावला तर पुढच्या सीझनमध्ये तो परत घ्यायचा. कल्पनेतल्या सरदारांच्या इस्टेटी अशाच असतात.

आता हाच प्रश्न पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरबद्दल विचारा. उत्तर येतं, भोसल्यांची जहागीर. आधी मालोजीराजांची, मग शहाजीराजांची. सुप्याचंही तेच. ‘पुणे आणि सुपे परगण्यांची जहागीर’ हे शब्द शाळेत इतक्यांदा कानावर पडलेत की ते एका दमात तोंडात येतात. (हे सुपे बारामती तालुक्यातलं. नगर रस्त्यावरचं, एमआयडीसीवालं सुपे वेगळं, ते पारनेरचं.)

पण मग त्या जहागिरीचं पुढं काय झालं? पेशवाईत ती कुणाकडं होती? इंग्रजांनी कुणाकडून घेतली? आणि आज तिथल्या सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत, त्यांच्यापर्यंत ती कशी आली?

ही यादी करायला बसलं की एक गंमत लक्षात येते. या भागात मालक तर बदललेच, पण मालक या शब्दाचा अर्थ त्याहून जास्त बदलला.

सुरुवात मालोजीराजांपासून करू. वेरूळचे मालोजी भोसले अहमदनगरच्या निजामशाहीत सरदार होते. १६०६ च्या सुमाराला इंदापूरच्या लढाईत ते पडले, असं बहुतेक अभ्यासक मानतात. इंदापुरात त्यांच्या नावाची गढी आजही आहे. त्यांच्यामागं शहाजी आणि शरीफजी ही दोन लहान मुलं होती. निजामशाहानं जहागीर मुलांच्या नावानं चालू ठेवली आणि चुलते विठोजी यांनी कारभार पाहिला.

इथपर्यंत गोष्ट विंटरफेलसारखीच वाटते. बाप गेला, मुलं वारस, चुलता पालक. फरक आहे तो ‘चालू ठेवली’ या दोन शब्दांत. जहागीर वारशानं आपोआप मिळत नव्हती. राजानं ती नव्यानं द्यावी लागायची. नाही दिली, तर कुठं दाद मागायची सोय नव्हती.

कारण जहागीर म्हणजे जमीन नव्हे. त्या काळच्या दख्खनी कागदांत यासाठी ‘मोकासा’ हा शब्द सापडतो. सोप्या भाषेत सांगायचं तर पगाराऐवजी मिळालेली वसुली. राजाकडं सरदाराला द्यायला रोख पैसा नसायचा. मग तो सांगायचा, अमुक परगण्याचा सारा तू गोळा कर, त्यातून तुझी फौज पोस आणि बोलावलं की घोड्यांसकट हजर हो. सरदाराचा हक्क त्या परगण्याच्या महसुलावर. तिथल्या शेतावर नाही. नोकरी संपली की मोकासा संपला.

म्हणजे इंग्लंडमधल्या लॉर्डची इस्टेट आणि आपल्याकडची जहागीर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तिकडं थोरल्या मुलाला वाडा, शेतं, जंगल सगळं वारशात मिळायचं. इकडं मिळायचं ते एक पत्र, आणि तेही राजाची मर्जी असेपर्यंत.

शहाजीराजांची कारकीर्द बघितली की हे नीट कळतं. ते निजामशाहीत होते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईनंतर आदिलशाहीत गेले, मग परत निजामशाहीत आले. पुढं थोडा काळ मुघलांकडं, तिथून पुन्हा निजामशाहीच्या बाजूनं. १६३६ मध्ये निजामशाही संपली आणि ते आदिलशाहीत गेले. प्रत्येक वेळी धनी बदलला. पण पुणे, सुपे, इंदापूर, चाकण हा पट्टा बहुतेक वेळा त्यांच्याच नावावर फिरून आला. नव्या धन्यालाही त्या भागात वजन असलेला माणूस हवाच होता. आजच्या भाषेत, कंपनी बदलली पण टेरिटरी तीच राहिली.

या धामधुमीत गावांचे हाल झाले. १६३० च्या सुमाराला आदिलशाही सरदार मुरार जगदेवाच्या फौजेनं पुणं जाळलं. त्याच वर्षांत दख्खनभर मोठा दुष्काळ पडला. ज्याची वसुली मिळायची ती गावंच ओस, तर मोकाशाचा उपयोग काय? म्हणून १६३६ नंतर या मुलखात पहिलं काम झालं ते माणसं परत बसवायचं. कोंडाण्याचे सुभेदार दादोजी कोंडदेव यांच्याकडं शहाजीराजांच्या मोकाशाचाही कारभार होता. पडीक जमीन कसायला घेणाऱ्याला सुरुवातीची वर्षं अगदी कमी सारा आणि मग तो टप्प्याटप्प्यानं वाढत जाणार, अशी पद्धत त्या काळी होती. तिला इस्तावा म्हणायचे. जमीन भरपूर होती, कसणारा दुर्मीळ होता. त्यामुळं कसणाऱ्याला मिन्नतवारी करून आणावं लागायचं.

मग जमिनीचा मालक कोण?

मोकासदार मालक नाही, तर कोण? इथं गावातली उतरंड समजून घ्यावी लागते.

गावात दोन प्रकारचे कसणारे असायचे, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. तो ती गहाण टाकू शकायचा, विकू शकायचा, आणि दुष्काळात गाव सोडून गेला तरी परत येऊन हक्क सांगू शकायचा. उपरी म्हणजे बाहेरून आलेला, करारानं कसणारा. मिरासदारांच्या वर पाटील-कुलकर्णी आणि परगण्यावर देशमुख-देशपांडे. हे सगळे वतनदार. त्यांचा हक्क पिढीजात होता आणि तो राजाच्या नोकरीवर अवलंबून नव्हता. गावातल्या बलुतेदारांचीही वतनं होती.

आता गंमत बघा. वरचा सुलतान बदलतो, मोकासदार बदलतो, पण देशमुख, पाटील आणि मिरासदार तिथंच. जहागिरीचा इतिहास लिहिला जातो तो वरच्या दोन माणसांचा. टिकून राहिली ती खालची माणसं. ‘आमची जहागीर होती’ असं म्हणणारी पोस्ट दिसली, तर ती जहागीर होती की वतन, हा पहिला प्रश्न विचारायला हरकत नाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शिवाजी महाराजांना हा खेळ आतून माहीत होता. सुप्याचा ताबा तेव्हा संभाजी मोहिते यांच्याकडं होता. शहाजीराजांच्या दुसऱ्या पत्नी तुकाबाई यांचे ते भाऊ, म्हणजे महाराजांचे सावत्र मामा. १६५६ च्या सुमाराला महाराजांनी सुपे ताब्यात घेतलं. सभासद बखरीत याचा किस्सा येतो. महाराज शिमग्याचा पोस्त, म्हणजे सणाची ओवाळणी मागायला म्हणून मामांकडं गेले आणि मामांनाच कैद केलं. पोस्त म्हणून अख्खं सुपेच मिळालं.

पण खरी महत्त्वाची गोष्ट त्यानंतरची आहे. महाराजांनी स्वतःच्या सरदारांना शक्यतो मोकासे द्यायचं टाळलं आणि रोख पगारावर भर दिला. सरदाराला मुलूख तोडून दिला की तो तिथं मुळं धरतो आणि उद्या डोईजड होतो, हे त्यांनी पाहिलं होतं. खरं तर भोसल्यांची स्वतःची वाढ अशाच मोकाशातून झाली होती. राजाराम महाराजांच्या काळात, मुघलांशी जीवनमरणाची लढाई चालू असताना, माणसं टिकवायला पुन्हा वतनं आणि मुलूख द्यावे लागले. मराठेशाहीतली सरंजामदारी तिथून परत मोठी झाली.

मध्यंतरी हा भाग किती वेळा हातातून गेला याची मोजदाद करण्यात अर्थ नाही. १६६० मध्ये शाहिस्तेखान सुपे, बारामती करतच पुण्याला पोचला होता. पुढं १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून स्वराज्याच्या सनदा आणल्या. त्यात शाहू महाराजांचा म्हणून जो मुलूख लिहिला होता, त्यात पुणे, सुपे, बारामती, इंदापूर ही नावं आहेत. ज्या मुलखासाठी तीन पिढ्या लढल्या, तो कागदावर परत मिळाला.

सावकार झाला सरदार

पेशवाईत बारामतीत एक नवंच प्रकरण उभं राहतं, नाईकांचं.

बाबूजी नाईक जोशी हे मूळचे सावकार. पेशवे मोहिमा काढायचे, त्याला पैसा लागायचा आणि तो नाईकांसारख्यांकडून कर्जानं यायचा. थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई नाईकांच्या घरात दिलेली, बाबूजींच्या भावाला. म्हणजे सोयरीकही आणि देणंही. १७४० मध्ये बाजीराव गेले तेव्हा बाबूजी नाईकांनी थेट पेशवेपदावरच दावा सांगितला. नागपूरच्या रघूजी भोसल्यांचा त्यांना पाठिंबा होता. शाहू महाराजांनी निवडलं बाजीरावांचे चिरंजीव नानासाहेबांना.

पद हुकलं, पण बारामतीत नाईकांचा दबदबा राहिला. कऱ्हेच्या काठावरचा त्यांचा वाडा आजही उभा आहे. ‘केकावली’ लिहिणारे मोरोपंत याच नाईकांच्या आश्रयाला होते. पन्हाळ्यावर जन्मलेले पंत बारामतीत राहिले आणि १७९४ मध्ये तिथंच वारले.

या गोष्टीत नाईक महत्त्वाचे आहेत ते वेगळ्याच कारणासाठी. मालोजीराजांच्या वेळी मुलूख मिळायचा तो घोडेस्वारांच्या जोरावर. नाईकांना वजन मिळालं ते रोख्यांच्या जोरावर. हा सावकार वाड्यात राहणारा होता, पेशव्याला कर्ज देणारा. शंभर-सव्वाशे वर्षांनी याच भागात सावकार हा शब्द फार वेगळ्या कारणानं गाजणार होता.

इंदापूरला लागली साखळी

१८१८ मध्ये पेशवाई संपली. इंग्रजांना या मुलखातून वसुली हवी होती, पण ती कुणाकडून घ्यायची हे ठरत नव्हतं. बंगालमध्ये त्यांनी जमीनदारांना मालक मानून टाकलं होतं. इथं तसं घाऊक मालक म्हणता येईल असं कुणी सापडेना. मग ठरलं की मधल्या माणसांना वगळायचं आणि थेट रयतेशी हिशोब ठेवायचा. रयतवारी म्हणतात ती हीच.

पहिला प्रयोग केला रॉबर्ट प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं, १८२० च्या दशकाच्या शेवटी. प्रिंगल इंग्लंडमधल्या हेलीबरी कॉलेजात अर्थशास्त्र शिकून आलेला होता. त्याचं गणित कागदावर सुंदर होतं. शेताचं उत्पन्न धरा, त्यातून खर्च वजा करा, उरलेल्या नफ्यातले ५५ टक्के सरकारचे. प्रत्यक्षात कुठल्या शेतात किती पिकतं याची आकडेमोडच चुकली, खालच्या नोकरांनी पैसे खाल्ले आणि सारा परवडेनासा झाला. इंदापूर भागात लोकांनी जमिनी टाकल्या, काही जण शेजारच्या निजामाच्या मुलखात निघून गेले.

मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट ही जोडी आली. गोल्डस्मिड महसूल अधिकारी, विंगेट लष्करी इंजिनिअर. त्यांनी सुरुवात केली ती इंदापूर तालुक्यातूनच. पुढं सगळ्या मुंबई इलाख्यात पसरलेली मोजणीची पद्धत, जिच्यातून आपला सर्व्हे नंबर आला, ती मालोजीराजांच्या या गावाच्या शिवारात तयार झाली.

त्यांनी काय केलं? साधारण एका बैलजोडीला कसता येईल एवढा जमिनीचा तुकडा धरला, त्याच्या हद्दी दगडांनी पक्क्या केल्या आणि त्याला नंबर दिला. मातीचा रंग पाहिला, खोली हातानं मोजली. उत्तम काळी खोल जमीन म्हणजे १६ आणे. मग वाळू, चुनखडी, उतार, पाणी साचणं असे दोष पाहून आणे कमी करायचे. नफ्याचं गणित सोडून दिलं आणि सारा असा बसवला की लोक परत येऊन जमीन घेतील. तोही ३० वर्षांसाठी कायम. शेत नको असेल तर राजीनामा द्यायचा, हवं असेल तर कबुलायत. ऑफिसात आज आपण देतो त्या राजीनाम्याचा एक जुना अर्थ हाही आहे.

पद्धत यशस्वी झाली. पडीक रानं पुन्हा नांगराखाली आली. पण नंबराबरोबर आणखी एक गोष्ट घडली. मिरासदार आणि उपरी हा जुना फरक पुसला गेला. ज्याच्या नावावर नंबर तो खातेदार. त्याचा हक्क वारशानं जाणार आणि विकताही येणार. १८६५ च्या कायद्यानं यावर शिक्कामोर्तब केलं.

मोकासा होता तेव्हा जमिनीवर एकाच वेळी चार-पाच जणांचे हक्क होते. आता एका नंबराला एक नाव. जे नाव लिहिता येतं, ते खोडताही येतं.

१२ मे १८७५, सुप्याचा बाजार

पहिल्या ३० वर्षांची मुदत संपली तीही सगळ्यात आधी इंदापुरात, १८६६-६७ च्या सुमाराला. फेरमोजणी झाली आणि सारा चांगलाच वाढवला गेला. वेळ चुकीची होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं १८६१ ते १८६५ दरम्यान कापसाला सोन्याचा भाव आला होता, रेल्वे सोलापूरपर्यंत पोचली होती, पैसा खेळत होता. सरकारनं ती तेजी खरी धरली. युद्ध संपलं, भाव पडले आणि वाढीव सारा मात्र राहिला.

सारा रोखीत आणि ठरलेल्या तारखेला भरायचा. पीक हातात यायच्या आधी पैसा कुठून आणणार? सावकाराकडून. सावकार पूर्वीही होताच. पण पूर्वी कर्ज वसूल करायला त्याला गावाच्या पंचांचं तोंड बघावं लागायचं, आणि फार ताणलं तर कूळ पळून जायचं. आता त्याच्या मागं दिवाणी कोर्ट उभं राहिलं. खत दाखवलं की हुकूमनामा, हुकूमनामा मिळाला की जमीन जप्त. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या खतांना तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू रयतेला वाचवायचा होता. झालं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुद्दलात धरून नवं खत लिहून घ्यायला लागला. कागदावर काय लिहिलंय हे अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नव्हतं. स्वतः विंगेटनं १८५२ मध्येच सरकारला या धोक्याबद्दल सावध केलं होतं. पद्धत ज्यानं बसवली त्यालाच तिची भीती वाटत होती.

१२ मे १८७५ ला सुप्याला बाजार होता. आजूबाजूच्या गावांतून आलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. तिथून लोण इंदापूर, भीमथडी, शिरूर आणि पलीकडं नगर जिल्ह्यात गेलं. मार खाणारे बहुतेक गुजर आणि मारवाडी सावकार होते, आणि त्यांच्या कुटुंबांनी त्या दिवसांत काय भोगलं हे विसरून ही गोष्ट सांगता येत नाही. पण सरकारनं नेमलेल्या आयोगाला एक बाब ठळक दिसली. जमावाला हवे होते ते कागद. खतं, रोखे, हुकूमनामे मागायचे आणि जाळायचे. जिथं सावकारानं ते मुकाट दिले, तिथं मारहाण क्वचितच झाली.

सुपे! ज्या नावावर शहाजीराजांच्या मोकाशाचं पत्र निघायचं, तिथंच लोकांनी कागदांची होळी केली. त्यांना कळलं होतं की जमीन आता कागदात राहते.

याचा परिणाम म्हणजे १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा. कोर्टाला खताच्या मागं जाऊन मूळ कर्ज किती होतं ते तपासायचा अधिकार मिळाला, हप्ते पाडून द्यायची सोय झाली आणि कर्जापायी तुरुंगात टाकणं बंद झालं. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून १९०१ मध्ये सरकारनं आणखी एक दुरुस्ती आणली. काही जमिनी अशा शर्तीनं द्यायच्या की सरकारच्या परवानगीशिवाय विकताच येणार नाहीत. फिरोजशाह मेहता, गोखले वगैरे मंडळींनी याला विरोध करत मुंबईच्या कायदेमंडळातून सभात्याग केला. त्यांचं म्हणणं, शेतकऱ्याला वाचवायच्या नावाखाली सरकार स्वतःच मालक होतंय. ‘नवीन शर्त’ हा शब्द ज्यांच्या उताऱ्यावर आहे, त्यांना हा वाद शिळा वाटणार नाही.

पाणी आलं, कंपन्या आल्या

१८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला. भोरजवळच्या भाटघर धरणाचं पाणी पुरंदर, बारामती करत इंदापूरपर्यंत पोचलं. दुष्काळी माळावर ऊस उभा राहिला. उसाला पाणी, खत आणि भांडवल लागतं. लहान खातेदाराकडं यातलं शेवटचं नव्हतं.

ते ज्यांच्याकडं होतं ते १९३० च्या दशकात आले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातल्या कळंबला साखर कारखाना काढला आणि त्याभोवती वालचंदनगर वसलं. पुढं जहाजं, विमानं आणि मोटारी बनवणाऱ्या कंपन्या काढणारे हेच ते वालचंद. राज्यात इतरत्रही खासगी साखर कंपन्यांनी असेच हजारो एकरांचे मळे उभे केले. काही जमीन विकत घेतली, बरीच शेतकऱ्यांकडून खंडानं, म्हणजे दीर्घ मुदतीच्या भाड्यानं घेतली. ज्यांनी दिली ते खंडकरी.

सरदारांच्या इस्टेटीसारखं दिसणारं काही या भागात झालं असेल, तर ते हेच मळे. सलग जमीन, एकाचा ताबा आणि त्यावर राबणारी शेकडो कुटुंबं.

स्वातंत्र्यानंतर जुने हक्क एकेक करून मोडीत निघाले. परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं, जातइनामं १९५२ च्या, कनिष्ठ गाववतनं १९५८ च्या. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कुळं कायद्यानं जमिनीची मालक मानली गेली. आणि १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला, त्यात साखर कंपन्यांचे मळे सरकारजमा झाले.

इथं खंडकऱ्यांना वाटलं असणार, आता आपली जमीन परत येणार. कंपनी गेली, भाडेकरार संपला, जमीन मूळ मालकाला. तसं झालं नाही. मळे तोडले तर कारखान्यांचा ऊस तुटेल, सलग शेतीचं उत्पादन घटेल, असं कारण देऊन सरकारनं ते एकत्रच ठेवले. १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झालं आणि मळे त्याच्याकडं गेले. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर आणि रत्नपुरी हे मळेही त्यातच.

म्हणजे आजोबांनी जमीन भाड्यानं दिली, भाडेकरूची जमीन जास्त झाली म्हणून ती सरकारनं घेतली आणि मूळ मालक रांगेत उभा. ज्याच्याकडं मुळात कमाल मर्यादेपेक्षा जास्त जमीन नव्हतीच, त्यानंही वाट पाहायची. ती किती? मोर्चे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, कायद्यात दुरुस्त्या झाल्या आणि वाटप खऱ्या अर्थानं मार्गी लागलं ते २०१२ पासून. जवळपास पन्नास वर्षं. ज्यांनी करारावर सह्या केल्या होत्या, त्यांच्यातले फार थोडे तेव्हा हयात होते. परत मिळाली तीही भोगवटादार वर्ग २ म्हणून. म्हणजे नाव तुमचं, पण विकायला परवानगी सरकारची लागायची.

आणि मळ्यावर राबणारे कामगार? ते खंडकरी नव्हते, खातेदार नव्हते, कूळही नव्हते. महामंडळाच्या चाळींत त्यांच्या पिढ्या गेल्या. त्यांची मागणी शेताचीही नव्हती बऱ्याचदा, राहत्या घराखालच्या जागेची होती. या सगळ्या चारशे वर्षांच्या कागदपत्रांत ज्यांच्यासाठी रकानाच नाही अशी ही माणसं. जमीन कसणाऱ्याची, असं म्हणताना कायद्याला मजूर दिसला नाही.

इंदापूरच्या काही जमिनीचा प्रश्न तर वेगळ्याच पद्धतीनं निकालात निघाला. १९८० मध्ये भीमेवरचं उजनी धरण पूर्ण झालं आणि नदीकाठची गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर एरवी पाण्यात असतं. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की शिखर आणि मग मंडप दिसायला लागतो, आणि दरवेळी त्याचे रील्स फिरतात.

त्याच उन्हाळ्यात मंदिराबरोबर आजूबाजूची जमीनही उघडी पडते. काळा, भुसभुशीत गाळ. तिला गाळपेर म्हणतात. मालकी सरकारची. जलसंपदा विभाग ती एका हंगामापुरती कसायला देतो, बहुतेक वेळा ज्यांची शेतं बुडाली त्यांनाच. पेरायचं, पाणी चढायच्या आत काढायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा.